वाचकांचे प्रश्न : इंजेक्शन कोणी बदलले आणि का?

वैद्यकीय उपचारांच्या दृष्टीने नागपूर हे केवळ नागपूरकरांचे शहर नाही. मेडिकल आणि मेयो ही शासकीय रुग्णालये, मिहानमधील एम्स आणि धंतोली-रामदासपेठेतील खासगी रुग्णालये यांत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ येथून, तसेच शेजारच्या शिवनी, बालाघाट, छिंदवाड्याहून रुग्ण येतात, आणि त्यांतील पुष्कळ जण गावाकडे एक-दोन प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) घेऊनच पोहोचतात. या खेपेस आलेल्या पत्रांपैकी मोठ्या रुग्णालयांतील प्रतिजैविकांच्या वापरासंबंधीची पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि रुग्णालयांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६८) न्यूमोनिया झाल्यामुळे नागपुरातील एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ठेवले होते. पहिल्या रात्री मेरोपेनेम नावाचे महागडे इंजेक्शन सुरू केले. तिसऱ्या दिवशी ताप उतरू लागला असताना ते बंद करून साधे, स्वस्त इंजेक्शन लावले. आम्ही विचारले, तेव्हा “कमिटीने सांगितले” एवढेच उत्तर मिळाले. वडील बरे होऊन घरी आले आहेत. परंतु आमचा रुग्ण शासकीय योजनेतला असल्यामुळे खर्च वाचविला गेला की काय, ही शंका मनातून जात नाही. (भंडारा जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : केसपेपर पाहिल्याशिवाय आपल्या वडिलांच्या उपचारांवर मत देणे योग्य होणार नाही. मात्र आपण सांगितलेला घटनाक्रम चांगल्या रुग्णालयात घडावा तसाच आहे. त्यात खटकण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे आपल्याला मिळालेले उत्तर.

रुग्ण धाप लागलेल्या अवस्थेत रात्री दाखल होतो, तेव्हा त्याच्या फुप्फुसात कोणता जिवाणू आहे हे कोणालाच ठाऊक नसते. रक्तदाब कोसळलेला असेल, तर पहिला डोस तासाभराच्या आत गेला पाहिजे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. म्हणून त्या रात्री डॉक्टर अंदाजाने, अनेक प्रकारच्या जिवाणूंवर चालेल असे औषध देतात, आणि तसे देण्यात काहीही चूक नाही. परंतु त्याच वेळी, शक्यतो पहिल्या डोसच्या आधी, कल्चरसाठी, म्हणजे त्यातील जिवाणू वाढवून ओळखण्यासाठी, रक्त घेतले जाते. प्रौढ रुग्णात दोन वेगवेगळ्या जागांहून, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त जावे लागते. प्रत्यक्षात नातेवाईक “आधीच अशक्त आहेत, किती रक्त काढता?” म्हणून हरकत घेतात, निवासी डॉक्टरही घाईत असतो, आणि एकाच बाटलीत तीन-चार मिलिलिटरवर काम भागविले जाते. रक्तात जिवाणू फार विरळ असू शकतात. त्यामुळे कमी रक्त घेतले की जिवाणू न सापडण्याची शक्यता वाढते, आणि मग अंदाजाचेच औषध दहा-बारा दिवस ओढावे लागते.

बाटली यंत्रात ठेवल्यावर त्यात जिवाणू वाढत असल्यास बहुधा एक ते दोन दिवसांत यंत्र तशी सूचना देते. लगेच काचपट्टीवर रंग देऊन जिवाणूचा ढोबळ प्रकार पाहिला जातो आणि प्रयोगशाळेतून वॉर्डात फोन जातो. जिवाणूचे नाव आणि त्याच्यावर कोणती औषधे चालतात याचा तक्ता साधारणपणे त्याच्या दुसऱ्या दिवशी मिळतो. म्हणजे अंदाजाच्या जागी माहिती येण्याची वेळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची असते, आणि औषध बदलण्याचा योग्य दिवसही तोच. ज्या जिवाणूवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन किंवा साधे पेनिसिलीन गटातील औषध चालते, त्याच्यावर मेरोपेनेम चालू ठेवल्याने रुग्णाला अधिक काही मिळत नाही. उलट आतड्यातील निरुपद्रवी जिवाणू मोठ्या प्रमाणावर मारले जातात आणि त्यांच्या जागी क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर या जिवाणूंच्या औषधांना दाद न देणाऱ्या जाती किंवा कँडिडासारखी बुरशी ठाण मांडते. अतिदक्षता विभागातून सुखरूप बाहेर पडत असलेला रुग्ण दहाव्या दिवशी दुसऱ्याच संसर्गाने पुन्हा आत जातो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

महाग औषध अधिक जोरदार, ही समजूत सर्वत्र लागू पडत नाही. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूची जात साध्या औषधांना दाद देणारी असेल, तर सेफाझोलिन किंवा क्लोक्सासिलीन ही जुनी, स्वस्त औषधे व्हँकोमायसिनपेक्षा सरस ठरतात. तेथे “मोठे” औषध चालू ठेवणे म्हणजे कमी प्रतीचा उपचार होय.

आपली शंका निराधार आहे, असे मी एवढ्या माहितीवर म्हणणार नाही. परंतु ती पडताळून पाहता येते. डिस्चार्ज कार्डासोबत कल्चर रिपोर्टाची प्रत मागावी. त्यात जिवाणूचे नाव असेल आणि बदललेले औषध त्या तक्त्यात चालणाऱ्या औषधांमध्ये असेल, तर निर्णय वैद्यकीय होता. कल्चरमध्ये काही सापडले नसले, तरी रुग्ण सुधारत असताना औषध आटोपशीर करणे योग्य असू शकते. मात्र तसे कारण केसपेपरवर लिहिलेले असले पाहिजे. “कमिटीने सांगितले” हे उत्तर कोणत्याही नातेवाइकाला देऊ नये. कमिटी सल्ला देते, उपचार उपचार करणारे डॉक्टरच ठरवतात, आणि कारण सांगण्याची जबाबदारीही त्यांचीच असते.

प्रश्न : ही “कमिटी” म्हणजे नेमके काय? तिच्यात कोण असते, आणि रुग्ण न पाहता ती औषधे कशी ठरवते? (निवृत्त शिक्षक, प्रतापनगर)

उत्तर : ती अशा रीतीने औषधे ठरवत असेल, तर तिचे काम चुकते आहे. प्रतिजैविकांच्या वापरावर देखरेख ठेवणाऱ्या या गटात साधारणपणे एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, एक फिजिशियन किंवा अतिदक्षता तज्ज्ञ, एखादा सर्जन, रुग्णालयाचा फार्मासिस्ट आणि संसर्ग नियंत्रणाचे काम पाहणारी परिचारिका असते. संसर्गजन्य रोगांचे प्रशिक्षित तज्ज्ञ असतील तर उत्तमच, परंतु असे तज्ज्ञ आपल्याकडे थोडे आहेत.

त्यांच्या हातात मुख्यतः दोन साधने असतात. पहिले पूर्वपरवानगीचे : काही निवडक औषधे फार्मसीतून तेव्हाच निघतात, जेव्हा मागणी करणारा डॉक्टर छोट्या अर्जावर संसर्ग कोठे आहे, कल्चर पाठविले का आणि औषध किती दिवस देणार, हे लिहितो. हे साधन दणकट वाटते, पण त्याला पळवाटा लगेच फुटतात. अर्जात “सेप्सिस” (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणे) एवढा एकच शब्द लिहिला की काम होते, हे निवासी डॉक्टर आठवड्याभरात शिकतात. शिवाय रात्री दोन वाजता परवानगीसाठी डोस अडला तर रुग्णाच्या जिवाशी खेळ होतो. म्हणून शहाण्या रुग्णालयांत पहिल्या दोन-तीन दिवसांचे औषध विनापरवानगी मिळते आणि चौकशी त्यानंतर होते. दुसरे साधन आहे वॉर्डात जाऊन केलेल्या तपासणीचे : सुरू झालेल्या प्रत्येक निवडक औषधाची ४८ ते ७२ तासांनी पलंगाशेजारी उभे राहून, केसपेपर उघडून, उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून उजळणी करायची. यात वेळ जातो आणि वादही होतात, परंतु सवयी बदलतात त्या यानेच.

प्रतिजैविकांची वर्गवारी जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये केली. अ‍ॅमॉक्सिसिलीन, डॉक्सिसायक्लिन, जेंटामायसिन, नायट्रोफ्युरँटोइन, सेफाझोलिन यांसारखी औषधे “अ‍ॅक्सेस” गटात, म्हणजे प्रथम वापरायची. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, पिपरॅसिलीन-टाझोबॅक्टम आणि मेरोपेनेमसुद्धा “वॉच” गटात, म्हणजे नजर ठेवून वापरायची. कोलिस्टिन, लिनेझोलिड, सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम ही “रिझर्व्ह”, म्हणजे दुसरा पर्यायच नसेल तेव्हाची. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेल्या जाहीरनाम्यात, जगात वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी किमान ७० टक्के २०३० पर्यंत “अ‍ॅक्सेस” गटातील असावीत, असे उद्दिष्ट आहे. लिनेझोलिडची काळजी आपल्या देशात अधिकच घ्यायला हवी, कारण औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या उपचारांतील ते एक मुख्य औषध आहे आणि पायावरच्या साध्या फोडासाठी ते सर्रास लिहिले जाते.

कमिटीचे सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे रुग्णालयाचा स्वतःचा वार्षिक तक्ता, ज्याला अँटिबायोग्राम म्हणतात. वर्षभरात आपल्याकडे कोणते जिवाणू सापडले आणि त्यांतील किती टक्के कोणत्या औषधाला दाद देतात, हे त्यात असते. तो नीट करण्याचे नियम आहेत : एका रुग्णातील एका जिवाणूचा पहिलाच नमुना मोजायचा, एखाद्या जिवाणूचे ३० हून कमी नमुने असतील तर टक्केवारी काढायची नाही, आणि अतिदक्षता विभागाचे आकडे बाकी वॉर्डांत मिसळायचे नाहीत. हे पाळले नाही, तर अतिदक्षता विभागातील चार-पाच दीर्घकाळ राहिलेल्या रुग्णांचे नमुने वारंवार मोजले जातात आणि सारे रुग्णालयच भयंकर जिवाणूंनी भरलेले दिसते. मग बाह्यरुग्ण विभागातून आलेल्या लघवीच्या साध्या संसर्गालाही भारी इंजेक्शन लागते.

कागदोपत्री आपल्याकडे काही कमी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे जिवाणूंच्या औषध-प्रतिरोधावर लक्ष ठेवणारे जाळे २०१३ पासून आहे, राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ मध्ये आला, आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांना प्रतिजैविक लिहिताना त्याचे नेमके कारणही लिहावे, असे पत्राद्वारे आवाहन केले. उणीव आहे ती रोज दोन तास वॉर्डांतून फिरू शकणाऱ्या आणि ज्याचे म्हणणे विभागप्रमुख ऐकतील अशा माणसाची. तो मिळाला नाही, तर सुबक छापलेले धोरण परीक्षकांच्या भेटीच्या दिवशी कपाटातून निघते आणि दुसऱ्या दिवशी परत जाते.

प्रश्न : आमच्या वॉर्डात हर्नियाच्या साध्या शस्त्रक्रियेनंतरही पाच दिवस दोन वेळा इंजेक्शन आणि सोबत मेट्रोनिडाझोलची बाटली चालते. नव्या धोरणात एकच डोस असे लिहिले आहे. सर्जन म्हणतात, टाके पिकले तर जबाबदार कोण? आम्ही परिचारिकांनी कोणाचे ऐकावे? (शस्त्रक्रिया विभागातील इन्चार्ज सिस्टर)

उत्तर : सिस्टर, लेखी ऑर्डर असेल त्याप्रमाणेच आपण औषध द्याल, हे उघड आहे. हा वाद आपल्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे आहे. परंतु त्यातील वैद्यकीय भाग स्पष्ट आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या प्रतिजैविकाचा हेतू असा की, चीर देताना आणि जखम उघडी असेपर्यंत ऊतींमध्ये औषधाची पुरेशी मात्रा असावी. त्यासाठी सेफाझोलिनसारखे औषध चीर देण्यापूर्वीच्या ६० मिनिटांत शिरेतून जावे लागते. शस्त्रक्रिया चार तासांहून लांबली किंवा रक्तस्राव फार झाला, तर पुन्हा एक डोस. जखम शिवून झाल्यावर पुढचे डोस टाके पिकणे टाळत नाहीत, आणि म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात शस्त्रक्रियेनंतर ही औषधे लांबवू नयेत, असे सांगितले. हर्नियात आतडे उघडले जात नाही, त्यामुळे मेट्रोनिडाझोलच्या बाटलीला तेथे जागाच नाही. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत ती अवश्य द्यावी. तीच बाटली मेरोपेनेम, पिपरॅसिलीन-टाझोबॅक्टम किंवा अ‍ॅमॉक्सिसिलीन-क्लॅव्हुलॅनेट यांच्या जोडीला लावलेली तर आपल्या शहरात कोणत्याही वॉर्डात दिसावी. या तिन्ही औषधांत मेट्रोनिडाझोलचे काम, म्हणजे प्राणवायूशिवाय वाढणारे जिवाणू मारणे, आधीच होत असते. थोडे अपवाद सोडले, तर ती बाटली केवळ सवयीने लटकते.

आता प्रत्यक्षातील अडचण पाहा. डोस वॉर्डात “कॉल आला की” दिला जातो, रुग्ण स्ट्रेचरवर शस्त्रक्रियागृहाबाहेर दीड-दोन तास थांबतो, आधीचे ऑपरेशन लांबते, आणि चीर पडते तेव्हा औषधाचा भर ओसरलेला असतो. मग टाके पिकतात आणि सर्जनना वाटते, एक डोस पुरत नाही. चूक डोसच्या संख्येत नसून वेळेत असते. यावर उपाय म्हणजे डोस वॉर्डातून काढून भूलतज्ज्ञांच्या हाती, शस्त्रक्रियागृहातच देणे. सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तपासयादीत चीर देण्यापूर्वी “गेल्या ६० मिनिटांत प्रतिजैविक दिले का?” हा प्रश्न मोठ्याने विचारायचा असतो. तो खरोखर विचारला जावा, सही करण्यापुरता नव्हे.

राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये देशातील २० मोठ्या रुग्णालयांत केलेल्या पाहणीत सुमारे ७२ टक्के दाखल रुग्णांना प्रतिजैविक चालू असल्याचे आढळले, आणि त्यांतील ५५ टक्क्यांना ते संसर्ग झालेला होता म्हणून नव्हे, तर होऊ नये म्हणून दिलेले होते. म्हणजे रुग्णालयातील वापर निम्म्याने कोठे उतरू शकतो, हे शोधायला लांब जायला नको.

सर्जनांच्या प्रश्नाचे उत्तर वाद घालून देता येत नाही, आकड्यांनी देता येते. प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर ३० दिवस, आणि जाळी किंवा कृत्रिम सांधा बसविला असल्यास ९० दिवस, जखमेची नोंद ठेवावी. रुग्ण टाके काढायला आला नाही तर फोन करून विचारावे. एका युनिटने एक डोस आणि दुसऱ्याने पाच दिवस, असे सहा महिने चालले तरी आपल्याच रुग्णालयातील नोंदी कोणाच्याही भाषणापेक्षा अधिक पटतील. आणि टाके पिकणे खरोखर कमी करायचे असेल, तर आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढणे बंद करणे, मधुमेह आटोक्यात ठेवणे, शस्त्रक्रियागृहातील ये-जा कमी करणे यांकडे लक्ष द्यावे.

प्रश्न : मी मेडिसिन विभागात निवासी डॉक्टर आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर तापाचे रुग्ण गोंदिया, भंडारा, शिवनीकडून येतात. गावी काय इंजेक्शने दिली, ते रेफर चिठ्ठीत नसते. कल्चर निर्जंतुक येते. रुग्ण खालावलेला असतो आणि मेरोपेनेमशिवाय काही सुचत नाही. अशा वेळी “जबाबदार वापर” कसा करायचा?

उत्तर : या पत्रातील अडचण खरी आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून लिहिलेली धोरणे निरुपयोगी ठरतात. कल्चर निर्जंतुक येण्याचे एक कारण आधी पडलेली प्रतिजैविके हे आहेच. परंतु आपल्या भागात, आपण म्हणता त्याच महिन्यांत, दुसरे कारण असे असू शकते की रोगच असा आहे, जो या बाटल्यांत कधीच वाढत नाही.

स्क्रब टायफसची २०१८ मध्ये नागपूर परिसरात मोठी साथ आली, तेव्हापासून तरी हे नाव येथील प्रत्येक डॉक्टरच्या मनात पहिल्या पाचांत असायला हवे. शेतात, गवतात, झुडपांत काम करणाऱ्या माणसाला माइट या गोचिडीसारख्या जिवाच्या चिगर नावाच्या अतिसूक्ष्म अळ्या चावतात, आणि त्यातून हा रोग होतो. ताप, डोकेदुखी, यकृताचे आकडे वाढलेले, प्लेटलेट उतरलेल्या, आणि नंतर धाप, असा क्रम असल्यामुळे प्रथम डेंग्यू वाटतो आणि मग सेप्सिस. त्याच्यावर मेरोपेनेम काय किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन काय, काहीही काम करत नाही, कारण हा जिवाणू पेशींच्या आत राहतो आणि त्याची भित्तिका या औषधांना बळी पडण्यासारखी नसते. काम करते ते डॉक्सिसायक्लिन, “अ‍ॅक्सेस” गटातील सर्वांत स्वस्त औषधांपैकी एक. म्हणून राउंडच्या वेळी रुग्णाचा सदरा आणि लुंगी किंवा साडीची गाठ सैल करवून काखा, जांघा, कमरेची पट्टी, स्त्रियांमध्ये स्तनांखालची जागा प्रकाशात नीट पाहावी. सिगारेटने चटका दिल्यासारखी काळी, न दुखणारी खपली दिसली, तर निदान तेथेच झाले म्हणायचे. खपली सगळ्यांना नसते, त्यामुळे ती न दिसल्याने हा रोग नाही असे म्हणता येत नाही. एलायझा चाचणीसाठी रक्त पाठवावे आणि रिपोर्टाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करावे.

गंभीर स्क्रब टायफसमध्ये डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन ही दोन्ही शिरेतून एकत्र दिल्यास एकेका औषधापेक्षा परिणाम चांगला होतो, असे भारतातीलच रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे जबाबदार वापर हा नेहमी कमी औषधांचा वापर असतो असे नाही. येथे तो एका निरुपयोगी महाग औषधाऐवजी दोन उपयोगी स्वस्त औषधांचा आहे.

मेरोपेनेम आपण सुरू केलेच, तर मला त्यात अपराध दिसत नाही. मात्र सुरू करताना केसपेपरवर तीन गोष्टी लिहाव्यात : संसर्ग कोठे वाटतो, काय पाठविले आहे, आणि फेरविचाराची तारीख. त्या तारखेला कल्चर निर्जंतुक असेल आणि स्क्रब किंवा मलेरियाचे निदान झाले असेल, तर मेरोपेनेम बंद करावे. “चालू आहे तर चालू दे” हे वाक्य राउंडमध्ये जितक्या वेळा उच्चारले जाते, तितक्या वेळा कोणतेही धोरण हरते.

रेफर चिठ्ठीसाठी एक व्यवहार्य उपाय आहे. नातेवाइकांच्या पिशवीत बहुधा औषधांच्या दुकानाच्या पावत्या, रिकाम्या कुप्या किंवा स्ट्रिपा असतात. दाखल करतानाच त्या मागाव्यात, मोबाइलवर त्यांचे फोटो घेऊन नावे केसपेपरवर उतरवावीत. त्यात लेव्होफ्लॉक्सासिन दिसले आणि खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल, तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी लगेच करावी, कारण हे औषध क्षयरोग काही दिवस झाकून ठेवते. रुग्णाला बरे वाटते आणि निदान महिनाभर लांबते.

प्रश्न : माझे मेडिकल चौकाजवळ औषधांचे दुकान आहे. मोठ्या रुग्णालयातून सुटलेले रुग्ण जुनी चिठ्ठी दाखवून तेच अँटिबायोटिक पुन्हा मागतात. नाही म्हटले तर शेजारच्या दुकानात जातात. काय करावे?

उत्तर : अनुसूची एच-१ मधील औषधांना, ज्यांत तिसऱ्या आणि चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन व कार्बापेनेम गटातील औषधे येतात, १ मार्च २०१४ पासून वेगळी नोंदवही सक्तीची आहे. तिच्यात डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि मात्रा लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. डिस्चार्ज कार्डावर जितके दिवस लिहिले आहेत तितके दिवस संपल्यावर ते कार्ड त्या औषधापुरते संपले, अशी भूमिका आपण घेऊ शकता. पहिल्याच वेळी कार्डावर “औषध दिले”, दिनांक आणि दुकानाचा शिक्का मारल्यास शेजारच्या दुकानदारालाही ते दिसेल. गिऱ्हाईक जाईल ही भीती खोटी नाही, आणि एकट्या दुकानदाराने तोटा सोसून हे काम होणार नाही. औषध विक्रेत्यांच्या संघटनेनेच चौकातील सर्व दुकानांसाठी एक रीत ठरवावी.

प्रश्न : पूर्वी “कोर्स अर्धवट सोडू नका” म्हणत. आता डॉक्टर पाच-सात दिवसांत औषध बंद करतात. खरे काय? (गृहिणी, मानेवाडा)

उत्तर : दोन्ही खरे आहे, कारण कोर्स किती दिवसांचा असावा हीच गोष्ट बदलली आहे. जुने दहा किंवा चौदा दिवसांचे आकडे बहुतांशी वहिवाटीने आलेले होते. सुधारणा होत असलेल्या साध्या न्यूमोनियात आता पाच दिवस पुरेसे मानतात. रक्तात जिवाणू सापडलेल्या रुग्णांतही सात दिवस हे चौदा दिवसांच्या तोडीचे ठरतात, हे सात देशांतील ७४ रुग्णालयांत झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. त्या चाचणीत स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे आणि प्रतिकारशक्ती फार घटलेले रुग्ण नव्हते, हे मात्र ध्यानात ठेवावे. क्षयरोग, हाडांचा संसर्ग, हृदयाच्या झडपांचा संसर्ग यांना हे अजिबात लागू नाही. तेथे कित्येक आठवडे किंवा महिने औषध घ्यावे लागते आणि ते सोडणे घातक असते. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये, आणि बरे वाटत नाही म्हणून आपल्या मनाने वाढवूही नये.

प्रश्न : आमचे धंतोली भागात शंभर खाटांचे रुग्णालय आहे. संसर्गतज्ज्ञ नाहीत, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्धवेळ येतात, आणि बहुतेक कन्सल्टंट बाहेरून येणारे आहेत. मोठ्या रुग्णालयांसारखी व्यवस्था आम्हाला परवडणार नाही. सुरुवात कोठून करावी? (रुग्णालय व्यवस्थापक)

उत्तर : प्रथम आपल्या पत्रात न लिहिलेल्या अडचणीबद्दल. रुग्ण कन्सल्टंटच्या नावावर येतो. त्यामुळे त्याने लिहिलेल्या औषधाबद्दल विचारायला व्यवस्थापन कचरते. शिवाय रुग्णालयाच्या फार्मसीच्या उत्पन्नात प्रतिजैविकांचा वाटा असतोच. या दोन गोष्टी मालकांनी आधी आपसांत मोकळेपणाने बोलून घेतल्या नाहीत, तर खाली कोणीही काही करू शकणार नाही. महिना-दोन महिने फार्मसीचा नफा थोडा उतरलेला चालेल, असे संचालकांच्या बैठकीत लेखी ठरलेले असावे.

त्यानंतर सगळ्या औषधांच्या मागे न लागता चार-पाचच निवडावीत : मेरोपेनेम, कोलिस्टिन, पॉलिमिक्सिन बी, लिनेझोलिड, टायगेसायक्लिन. आपला फार्मसिस्ट रोज सकाळी ही औषधे तिसऱ्या दिवसात पोहोचलेल्या रुग्णांची यादी काढू शकतो. शंभर खाटांत ती बहुधा एका कागदाच्या अर्ध्या पानावर मावेल. ती घेऊन पूर्णवेळ असलेले एखादे वरिष्ठ डॉक्टर, बहुधा आपले अतिदक्षता विभागाचे तज्ज्ञ, कन्सल्टंटना फोन करतील आणि कल्चर काय आले, औषध आणखी किती दिवस, तोंडावाटे देता येईल का, एवढेच विचारतील. शेवटचा प्रश्न विसरू नये. लिनेझोलिडची गोळी जवळजवळ इंजेक्शनइतकीच शरीरात उतरते, तरी रुग्ण जेवू लागल्यावरही बाटल्याच चालू राहतात आणि त्यांच्यासाठी रुग्णाला दोन दिवस जास्त ठेवले जाते. अर्धवेळ सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना आठवड्यातून एक ठरावीक तास या चर्चेसाठी वेगळे मानधन द्यावे. फुकट सल्ल्यावर चालणारी व्यवस्था दिवाळीपर्यंत टिकत नाही.

मोजमाप साधे ठेवावे. प्रत्येक निवडक औषध महिन्यात एकूण किती रुग्ण-दिवस चालले, याला महिन्यातील एकूण दाखल रुग्ण-दिवसांनी भागून हजाराने गुणावे. किती रुग्णांत पहिल्या डोसपूर्वी कल्चर घेतले, हा दुसरा आकडा. सुरुवातीचे तीन महिने हे आकडे कोणालाही न दाखवता फक्त गोळा करावेत, म्हणजे पुढील बदल कशाच्या तुलनेत मोजायचा ते कळेल. नंतर प्रत्येक कन्सल्टंटला त्याचा स्वतःचा आकडा आणि रुग्णालयाची सरासरी बंद पाकिटात द्यावी. नावानिशी यादी भिंतीवर लावू नये. लावली, तर पहिल्याच आठवड्यात दोन कन्सल्टंट आपले रुग्ण शेजारच्या इमारतीत हलवतील.

कल्चरचा खर्च रुग्णाच्या बिलात वेगळा दिसतो आणि नातेवाईक तोच वगळायला सांगतात, म्हणून अतिदक्षता विभागाच्या पहिल्या दिवसाच्या शुल्कातच तो धरावा. बाहेरच्या प्रयोगशाळेशी करार करताना दराबरोबर आणखी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : बाटलीत जिवाणू वाढताच रात्री-अपरात्रीही फोन येईल, आणि वर्षाअखेरीस आपल्या रुग्णालयाचा वेगळा अँटिबायोग्राम मिळेल.